कल्पनाराज्यातील आकाशयान आणि शाळेची मोटार
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विज्ञानकथांतील आदर्श राज्ये म्हटली की आपल्यापुढे एच. जी. वेल्स उभा राहतो. त्याचे ‘ए मॉडर्न युटोपिया’ १९०५ साली निघाले. त्याच वर्षी मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये एका बंगाली स्त्रीची इंग्रजी कथा छापून आली. कथेचे नाव ‘सुलतानाज ड्रीम’, लेखिका रुकय्या सखावत हुसेन. मी बोलणार आहे ते तिच्याविषयी.

वेल्सने आपले राज्य दूरच्या ग्रहावर वसविले. रुकय्याबाईंच्या नारीराज्यात पाहुणीला स्वयंपाकघरही पाहायला मिळते. तेथे कोळसा नाही, धूर नाही. सूर्याची उष्णता नळीवाटे चुलीपर्यंत येते. पुरुष सैन्य वाढविण्यात गुंतले असता स्त्रियांच्या एका विद्यापीठाने मेघांतून पाणी ओढून घेणारा फुगा निर्माण केला, दुसऱ्याने सूर्यतेज साठविले. पुढे शत्रू चालून आला, पुरुष हरले, तेव्हा याच सूर्यकिरणांच्या माऱ्याने स्त्रियांनी राज्य राखले. पुरुष मात्र मर्दान्यात गेले ते तेथेच राहिले! आता स्त्रिया कचेरीचे काम दोन तासांत उरकतात. पुरुषांचे सहा तास चिरूट ओढण्यात जात, असा हिशेबही बाईंनी मांडला आहे.

निम्म्या प्रजेला कोंडणारे राज्य आदर्श कसे, असा आक्षेप कोणी घेईल. तो घेणाऱ्याने जनानखान्याविषयीही तो पूर्वी घेतला होता काय, एवढेच मी विचारीन. कथेतील ही उलटापालट त्यासाठीच आहे.

या कथेत स्त्रिया आकाशयानातून उघड्या नभात विहार करतात. लेखिकेने प्रत्यक्षात १९११ साली कलकत्त्यात मुलींची शाळा काढली. कालांतराने शाळेला मोटार मिळाली, परंतु ती पडद्यासाठी चोहोंकडून इतकी बंद केलेली होती की अंधारात व उकाड्यात मुली बेशुद्ध पडू लागल्या. बाईंनी झडपा उघडून पडदे लावविले. लगेच तक्रारीची पत्रे आली: वाऱ्याने पडदे उडतात, मुली दिसतात! ही पत्रे परक्यांची नव्हती, स्वकीयांची होती. सूर्यतेजाने शत्रूसैन्य पळविणे कथेत एका परिच्छेदाचे काम. येथे मात्र हातभर कापडापुढे बाईंची मती कुंठित झाली. झडपा बंद ठेवाव्या तर मुलींचे प्राण कासावीस, उघडाव्या तर पालक मुली काढून घेणार. हा पेच त्यांनी १९३१ च्या ‘अवरोधवासिनी’त स्वतःच नमूद केला आहे, आणि १९३२ साली मृत्यू येईपर्यंत शाळा सोडली नाही.