वातविवरांतील साधना
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त बिरसी येथें दिलेलें व्याख्यान)



या आनंदाच्या प्रसंगीं विमानविद्येवर चार शब्द बोलावे अशी आज्ञा मला झाली, तिच्यामागील हेतु उघड आहे. बिरसी हें नांव उच्चारतांच गोंदिया जिल्ह्यांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें धानाच्या बांध्या येतात, तशीच विमानांची धांवपट्टीही येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० सालीं, इंग्रज सरकारनें ती बांधविली. युद्ध संपलें, परकी राज्य गेलें, पट्टी राहिली. पुष्कळ वर्षें ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. १९९८ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे व २००५ सालाच्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे ती आली. त्यानंतर वैमानिकांस शिक्षण देणारी संस्था येथें निघाली, आणि या पंचक्रोशींतील मुलें डोक्यावर घिरट्या घालणारीं लहान विमानें पाहत वाढलीं.

म्हणून येथल्या मुलास 'तूं कोण होणार?' असें विचारलें, तर 'वैमानिक' हें उत्तर त्याच्या जिभेवर तयार असलें तर नवल नाहीं. उत्तर चांगलें आहे. परंतु वैमानिक ज्या पंखांच्या भरंवशावर आकाशांत जातो, ते पंख भरंवशास पात्र आहेत हें त्याला कोणी सांगितलें, असें क्वचितच कोणी विचारतो. आज त्या दुसऱ्या प्रश्नाविषयीं, त्याचें उत्तर शोधण्यांत आयुष्य वेंचणाऱ्या माणसांविषयीं, आणि विशेषतः मराठी मुलुखांत जन्मलेल्या एका अभियंत्याविषयीं मला सांगावयाचें आहे.

हा प्रश्न आपल्या गांवास परका नाहीं. १८ मार्च २०२३ रोजीं बिरसीहून निघालेलें एक शिक्षणाचें विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांत कोसळलें. शिकविणारा व शिकणारी, दोघेंही प्राणांस मुकलीं. त्या अपघाताच्या कारणांची मीमांसा मी येथें करीत नाहीं. मात्र ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी विमान चालविण्यास शिकूं इच्छिते, त्या घरांतील आईची धास्ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. तिला प्रामाणिकपणें सांगण्यासारखें जें आहे तें एवढेंच कीं, मनुष्य पंखांवर बसण्यापूर्वीं त्या पंखांची कसून परीक्षा घेणारे लोक असतात. त्यांची परीक्षा जितकी कठोर, तितका वर जाणाऱ्या जिवाचा धोका कमी.

ही परीक्षा जेथें होते त्या यंत्रास वातविवर म्हणतात; कारखान्यांतलीं माणसें त्याला 'विंड टनेल' म्हणतात. आकाशांत विमान हवेंतून जातें. विवरांत विमान स्थिर ठेवून हवा त्याच्या अंगावरून नेतात. पंखाला या दोहोंतला फरक कळत नाहीं, कारण हवा व पंख यांचा एकमेकांस धरून जो वेग असतो, त्यावरच सर्व अवलंबून असतें. एक लांब बोगदा, वारा खेळविणारा मोठा पंखा, वाऱ्यांतले भोंवरे मोडण्यासाठीं मधाच्या पोळ्यासारखी जाळी, मग अरुंद होत गेलेलें तोंड, आणि त्यापुढें परीक्षेची जागा. तेथें विमानाची लहान प्रतिकृति खांबावर बसवितात व तो खांब तराजूला जोडतात. वारा सुरू झाला कीं, पंखानें उचल किती दिली, वाऱ्यानें मागें किती ओढलें, नाक वर जातें कीं खालीं दबतें, हें तो तराजू सांगतो.

पंखाचा वाऱ्याशीं असलेला कोन एकेक अंशानें वाढवीत गेलें म्हणजे उचलही वाढत जाते. पण साधारणपणें पंधरा अंशांच्या आसपास अशी वेळ येते कीं, पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा ती पाठ सोडून देते आणि उचल एकाएकीं ढासळते. यालाच वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. जमिनीपासून थोड्या उंचीवर नवशिक्यावर हा प्रसंग आला तर प्राणांशीं गांठ असते. विवरांत तोच प्रसंग आला तर वहींत एक आंकडा लिहिला जातो, आणि प्रतिकृति उतरवून पंखाचा आकार सुधारतां येतो.

ही विद्या मनुष्यास फार मोल देऊन मिळाली. जर्मनींतील ओटो लिलिएंथाल यानें पंख बांधून टेकडीवरून सुमारें दोन हजार उड्डाणें केलीं, आपल्या मापांचीं कोष्टकें छापलीं, आणि ऑगस्ट १८९६ मध्यें असाच उंचावरून पडून तो मरण पावला. त्याचीं कोष्टकें घेऊन अमेरिकेंतील राइट बंधूंनीं १९०० व १९०१ सालीं आपलीं ग्लायडरें केलीं, तों उचल हिशेबापेक्षां फारच कमी भरली. हवेच्या दाबाचा जो गुणांक १७५९ पासून पुष्कळ लोक वापरीत होते, तोच सुमारें दीडपट मोठा होता! तेव्हां सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या दोघां भावांनीं सहा फूट लांबीची लांकडी पेटी केली, तींत पंखा लावला, करवतीच्या पात्यांचे व सायकलच्या तारांचे तुकडे जोडून तराजू बनविला, आणि १९०१ च्या अखेरीस सुमारें दोनशें आकारांचे छोटे पंख तपासले. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें विमान उडालें तें त्या पेटींतील आंकड्यांच्या बळावर.

त्याच १९०१ सालीं वॉशिंग्टन येथील कॅथॉलिक विद्यापीठांत आल्बर्ट झाम नांवाच्या प्राध्यापकांनीं सुमारें ४० फूट लांबीचें व ६ फूट चौरस तोंडाचें विवर उभारलें. त्यांचे वडील बंधु फादर जॉन झाम हे होली क्रॉस संघाचे धर्मगुरु व स्वतः विज्ञानाचे अध्यापक होते. पृष्ठभागावरून जाणाऱ्या हवेचें घर्षण मापून आल्बर्ट झाम यांनीं १९०४ सालीं तें प्रसिद्ध केलें. पुढें राइट बंधूंच्या पेटंटाच्या वादांत ते विरुद्ध पक्षाचे साक्षीदार झाले, आणि त्यांच्या मतांवर पुष्कळांनीं टीका केली. परंतु मापणाऱ्याचीं मतें कांहींही असोत, त्याचीं मापें दुसऱ्यास पुन्हां घेऊन पाहतां येतात. विवराच्या विद्येंत कोणाचा शब्द केवळ मोठ्या नांवामुळें चालत नाहीं.

याचें उत्तम उदाहरण ग्योटिंगेन येथील लुडविग प्रांटल यांचें. पृष्ठभागास चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा, म्हणजे सीमास्तराचा, सिद्धांत त्यांनीं १९०४ सालीं मांडला आणि १९०८ च्या सुमारास ग्योटिंगेनला विवर चालू केलें. तिकडे पॅरिसमध्यें, ज्यांच्या नांवाचा मनोरा जगप्रसिद्ध आहे, ते आयफेल उतारवयांत या विद्येकडे वळले होते. दोघांनीं गुळगुळीत गोलाला वारा किती ओढतो हें मापलें. आयफेल यांचा आंकडा ग्योटिंगेनच्या आंकड्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला! समोरच्याचा तराजू खोटा, असें म्हणून हात झटकणें सोपें होतें. प्रांटल यांनीं तसें न करितां १९१४ सालीं गोलाच्या पुढल्या भागावर तारेचें बारीक कडें बसविलें, आणि काय आश्चर्य! अडथळा वाढवूनही ओढ कमी झाली. कड्यामुळें सीमास्तर खळबळून गेला होता. खळबळलेला थर गोलाच्या पाठीला अधिक दूरवर धरून राहतो, म्हणून मागें उरणारा हवेचा भोंवराळ पट्टा लहान होतो. आयफेल यांच्या वेगवान वाऱ्यांत हीच खळबळ आपोआप होत होती. तेव्हां दोन्ही तराजू खरेच होते, आणि त्यांच्या विसंगतींतून नवें ज्ञान निघालें.

अशा गुरूपाशीं शिकून १९३६ सालीं डॉक्टरेट मिळविणारा एक विद्यार्थी कोल्हापूरकडचा होता. डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजीं गडहिंग्लजजवळील हसूरचंपू या लहानशा खेड्यांत झाला. मुंबई विद्यापीठाचें शिक्षण संपवून ते जर्मनीस गेले. ते परत आले तेव्हां या देशांत विमान बांधणारा एकही कारखाना नव्हता. डिसेंबर १९४० मध्यें सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर सरकारच्या साहाय्यानें बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. त्याच्या आरंभीच्या अभियंत्यांत घाटगे होते. डिसेंबर १९४२ मध्यें बंगलोरच्याच भारतीय विज्ञान संस्थेंत विमानविद्येचा विभाग निघाला, त्याच्या उभारणींतही त्यांचा हात होता.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखालीं कारखान्यांत जें विमान आंखलें गेलें, त्याचें नांव एचटी-२. संपूर्ण धातूचें, एकामागें एक अशा दोन आसनांचें हें विमान ऑगस्ट १९५१ मध्यें प्रथम उडालें. अशीं दीडशेंहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. आपल्या वायुदलाच्या अनेक पिढ्या त्यांवर शिकल्या, व घाना देशाच्या वायुदलानेंही तीं घेतलीं. पुढें १९५८ सालीं पुष्पक, १९५९ सालीं कृषक, आणि १९६४ सालीं किरण हें जेट विमान, अशीं एकामागून एक विमानें झालीं. १९६५ सालीं सरकारनें घाटगे यांस पद्मश्री दिली. १९९१ सालीं ते निवर्तले.

बिरसीच्या श्रोत्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. एचटी-२ हें लढाऊ विमान नव्हतें. तें शिकणाऱ्यांचें विमान होतें. शिकाऊ विमानाचा रचनाकार आधींच जाणून असतो कीं, यांत बसणारा चुकणार आहे, आणि चुकणाऱ्याला सांवरण्यास अवसर मिळाला पाहिजे. म्हणून अशा विमानांत बहुधा पंखाला टोंकाकडे किंचित् पीळ देतात, म्हणजे उचल ढासळते ती आधीं पंखाच्या मुळाशीं ढासळते. टोंकाजवळचीं चालकाच्या ताब्यांतील पाखें अजून काम देतात, विमान थरथरून सूचना देतें, व विद्यार्थ्यास नाक खालीं करण्यास वेळ मिळतो. तो पीळ दोन अंश असावा कीं तीन, हें ज्यांनीं रात्रंदिवस मापून ठरविलें, त्यांचें नांवही त्या विद्यार्थ्यास ठाऊक नसतें. वर त्याचा जीव वांचतो तो मात्र त्या मापामुळें.

बंगलोरचें हें काम घाटगे यांच्यावर थांबलें नाहीं. भारतीय विज्ञान संस्थेंत सतीश धवन यांनीं १९५० नंतरच्या वर्षांत ध्वनीहून अधिक वेगाचें देशांतील पहिलें विवर उभारलें. त्याची परीक्षेची जागा जेमतेम एक इंच रुंद व तीन इंच उंच होती. त्याच संस्थेंत पुढें १४ फूट रुंद व ९ फूट उंच अशा परीक्षेच्या जागेचें मोठें विवर झालें. १९५९ सालीं राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि तिच्या १.२ मीटरच्या विवरांत १९६७ पासून ध्वनीच्या चौपट वेगापर्यंतच्या परीक्षा होऊं लागल्या. तेथें टांक्यांत दाबून भरलेली हवा एकदम सोडतात. ती कांहीं सेकंदांतच संपते, तेवढ्यांत सर्व मापें घ्यावीं लागतात, आणि मग टांक्या पुन्हां भरेपर्यंत स्वस्थ बसावें लागतें. उपग्रह नेणारे आपले अग्निबाण व तेजस विमान यांच्या प्रतिकृति याच वाऱ्यांत तावून सुलाखून निघाल्या.

तरीही विवराचा शब्द डोळे झांकून घ्यावयाचा नसतो. विमानाच्या एकदशांश आकाराच्या प्रतिकृतीवर साधी हवा वापरून तंतोतंत सारखा परिणाम हवा असेल, तर वारा दहापट वेगानें सोडावा लागेल. हा नियम इंग्लंडांतील ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनीं १८८३ सालीं केलेल्या शोधांतून आला. ताशी दीडशें किलोमीटर जाणाऱ्या विमानाकरितां विवरांत पंधराशें किलोमीटरचा वारा लागेल, आणि ध्वनीहून जलद अशा त्या वाऱ्यांत हवेचें वागणेंच पालटतें. म्हणून कोणी हवा वीसपट दाबून घट्ट करितो, कोणी मोठें विवर बांधितो, कोणी अनेक मापांवरून सावधपणें अनुमान बांधितो. आपल्या यंत्राचें सामर्थ्य कोठें संपतें हें ओळखून तें उघड लिहून ठेवणें, हा या धंद्यांतला मुख्य सदाचार होय.

असें हें आयुष्य आहे. सकाळीं प्रतिकृति बसवावी, दिवसभर आंकडे टिपावे, संध्याकाळीं ते जुळत नाहींत असें दिसावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां आरंभ करावा. यश आलें तर बातमी होत नाहीं, कारण न घडलेल्या अपघाताची बातमी कोण छापणार? येथें हार गळ्यांत पडत नाहींत. वरिष्ठांस आवडतें विमान विवरांत नापास झालें, तर तें नापास झालें असें सांगण्याचें धैर्य मात्र जवळ असावें लागतें. तेथें भीड धरली तर तिची किंमत पुढें कोणा अनोळखी विद्यार्थ्याला चुकवावी लागते.

माझ्या तरुण मित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी वैमानिक व्हावें ही इच्छा मी मोडीत नाहीं. परंतु शिक्षणाचा खर्च झेपला नाहीं, किंवा डोळ्यांच्या परीक्षेंत कमी पडलें, म्हणून आकाशाचा मार्ग बंद झाला असें मानूं नका. हसूरचंपूच्या मुलानें गणित सोडलें नाहीं, म्हणून देशास पहिलें शिकाऊ विमान मिळालें. गणित व पदार्थविज्ञान हे विषय गांवच्या शाळेंतही मन लावून शिकतां येतात. आणि आईबापांस माझी विनंति आहे कीं, घरांतील एखादें मूल खेळणें मोडून आंत काय आहे तें पाहत असेल, तर त्याला रागें भरण्यापूर्वीं, त्यानें काय पाहिलें तें विचारावें.

धांवपट्टीवरून उद्यां सकाळीं जें विमान उठेल, त्यांतील अनोळखी मुलामुलींसाठीं आपण प्रार्थना करालच. तींत, ज्यांनीं त्या पंखांना पुन्हां पुन्हां वाऱ्यापुढें उभें केलें, त्या न दिसणाऱ्या माणसांचीही आठवण ठेवावी, इतकें मागून मी आपली रजा घेतों.