आज कोरड्यास काय?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सप्ताहात डॉक्टरसाहेब हृदयावर बोलले, वकीलसाहेब इच्छापत्रावर बोलले. मला निरोप आला, "काकू, तुम्ही घरच्या जेवणावर बोला." मी म्हटलं, गेली सतरा वर्षं मी याच सोसायटीतून डबे देते. घरचं जेवण विकणारी बाई घरी जेवा म्हणून सांगणार, हे जरा गमतीचंच. पण डब्याच्या धंद्यात एक गोष्ट कळते. कुणाच्या घरी काय शिजतं ते कळतं, आणि काय शिजायचं बंद झालं तेही कळतं.

हॉटेलात गेलं की कार्डावर 'मेन कोर्स' असं लिहिलेलं असतं. त्याखाली पनीरचे दहा प्रकार. आपल्या ताटात मेन कोर्स कुठला, असं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं. तिकडे संध्याकाळी एकच प्रश्न असायचा, "आज कोरड्यास काय?" भाकरी तर ठरलेलीच. भाकरीला लावून खायला जे काही असेल ते कोरड्यास. पातळ असलं तर कालवण. म्हणजे मुख्य पदार्थ हा जोडीने येतो. भाकरी आणि आमटी, भाकरी आणि पिठलं, भाकरी आणि वांगं. एकाला काढलं की दुसरं अडून बसतं.

ही जोडी आपल्या मातीने लावून दिलेली आहे. २०२४ साली महाराष्ट्रातल्या काही वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात जालन्याची दगडी ज्वारी होती. लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर होती. मी ती बातमी वाचली आणि हसू आलं. अहो, ही यादी कसली, हे तर आमटी-भाकरीचं ताट झालं! ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, त्यात चिंच, वरून कोथिंबीर. सगळं मराठवाड्यातलं.

कमी पावसाच्या मुलखात स्वयंपाक असाच घडतो. भाजी रोज मिळेल याची खात्री नाही, म्हणून डब्यात येसर करून ठेवायचा. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरच्या आणि मसाला वेगवेगळा खमंग भाजून दळायचा. पाहुणा अवेळी आला, घरात भाजीचं पान नाही, तर फोडणीत पाणी घालून त्यात चार चमचे येसर कालवला की वीस मिनिटांत आमटी तयार. लग्नघरी शेकडो माणसांना पुरते तीही हीच. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालतात, त्याही भाजीला पुरवठा यावा म्हणूनच. इथल्या ज्येष्ठांना ७२ चा दुष्काळ आठवत असेल. अमेरिकेहून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी. तेव्हा पाण्यासारखी पातळ आमटी करून घरं चालवली त्या बायांनी. पुढे २०२३ साल जगभर तृणधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. आपल्याकडे त्या धान्याला मॉलमध्ये चकचकीत पाकीट मिळालं, पण भाकरी थापणारे हात काही वाढले नाहीत.

आता मुद्द्यावर येते.

आपल्या शहराचा मानाचा पदार्थ म्हणजे नान खलिया. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्या फौजेच्या जेवणाशी लोक त्याचं नातं जोडतात. तंदूरचा जाड नान आणि डेगेत शिजलेला मटणाचा तर्रीदार रस्सा. माझ्या घरी शाकाहार आहे, तरी शेजारच्या लग्नाच्या मांडवात तो वास मी ओळखते. तो शिजवतं कोण? बावर्ची, म्हणजे पुरुष. आपल्याकडच्या लग्नात आचारी कोण? पुरुष. गुलमंडीवर कढईसमोर उभा कोण? पुरुष. पाचशे माणसांचं जेवण पुरुषाला जमतं, आणि घरच्या चार माणसांचं वरण मात्र त्याला जमत नाही, हे कसं काय?

मी भांडायला उभी नाही. पण आकडा ऐका. २०१९ साली सरकारने देशभर एक पाहणी केली, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरातलं बिनपगारी काम दिवसभरात ८१ टक्के बायका करतात आणि २६ टक्के पुरुष. ज्या बायका करतात त्यांची रोजची २९९ मिनिटं त्यात जातात. जे पुरुष करतात त्यांची ९७. दोनशे नव्व्याण्णव मिनिटं म्हणजे पाच तास, आणि त्याला रविवार नाही.

माझी काळजी त्या पाच तासांपुरती नाही. घरातलं सगळं जेवण एकाच माणसाच्या हातात असलं, की तो हात थांबला त्या दिवशी घराची चूल थांबते. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा सगळे तिशी-पस्तिशीचे होतो. आज कुणाचा गुडघा बदललाय, कुणाची मुलं पुण्याला, कुणाची अमेरिकेत. काही घरांत माणूस एकटाच राहिलाय.

आपल्याच एका विंगमधल्या एका काकांची परवानगी घेऊन सांगते, नाव सांगत नाही. काकू गेल्या, तेव्हा त्यांना चहाशिवाय काही करता येत नव्हतं. आधी महिनाभर शेजाऱ्यांनी केलं. मग माझा डबा सुरू झाला. एक दिवस डबा परत आला, भात तसाच. मी विचारायला गेले. म्हणाले, "वहिनी, जेवण छान असतं. पण माझ्या घरात फोडणीचा वास येऊन पाच महिने झाले." मला काही बोलता येईना. मग म्हटलं, उद्या सकाळी दहाला येते, तूरडाळ काढून ठेवा.

काका बँकेत होते. वही-पेन घेऊन ओट्याशी उभे. मी म्हटलं, मीठ चवीपुरतं. ते म्हणाले, "म्हणजे किती चमचे?" मी म्हटलं, अंदाजाने. ते म्हणाले, "अंदाज माझ्याकडे नाही, तो तिच्याकडे होता." बघा, किती खरं बोलले! आपण बायका 'अंदाजाने' म्हणतो ना, तिथेच स्वयंपाकघराचं दार बंद होतं. आपला अंदाज तीस वर्षांचा असतो, शिकणाऱ्याचा पहिला दिवस असतो. त्या दिवसापासून मी सगळं वाटीत आणि चमच्यात मोजायला लागले. आता काका आठवड्यात चार दिवस स्वतः करतात. तीन दिवस माझा डबा. गिऱ्हाईक अर्धं गेलं, पण आमटीची वाटी घेऊन येतात ते चाखायला.

म्हणून आज मापासकट सांगते. लिहून घ्या, चार माणसांचं आहे.

वरण. एक वाटी तूरडाळ, तीन वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग. कुकरच्या चार शिट्ट्या. घोटून एक लहान चमचा मीठ. याचीच आमटी करायची तर आणखी दोन वाट्या पाणी, सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, एक चमचा काळा मसाला आणि लसणाची फोडणी.

पिठलं. एक वाटी बेसन, साडेतीन वाट्या पाणी. बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवा, गुठळी राहत नाही. दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, सहा-सात पाकळ्या लसूण, तीन हिरव्या मिरच्या, एक कांदा. उरलेलं पाणी घालून उकळी आली की कालवलेलं पीठ ओता आणि हात थांबवू नका. मग झाकण ठेवून मंद आचेवर सात मिनिटं.

वरणफळं. हे आपल्या शहरासाठीच केलेलं आहे असं मला वाटतं. नळाला पाणी नाही, टँकरची वाट बघतोय, त्या दिवशी भांडी कमी पडायला हवीत. पातळ आमटी उकळत ठेवायची, कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे आणि एकेक आमटीत सोडायचे. दहा-बारा मिनिटांत शिजतात. पोळी, वरण सगळं एका पातेल्यात. घासायला एक पातेलं, एक पोळपाट.

भाकरी. इथेच सगळे घाबरतात. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात भिजवायचं. गरम पाण्याने पिठाला चिकटा येतो, मग भाकरी थापताना फाटत नाही. पीठ ताजं हवं. जुनं झालं की पिठाची विरी जाते, मग कितीही चांगला हात असला तरी कडा चिरतातच. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची. पहिल्या दहा भाकरी नकाशासारख्या होतील, त्या आमटीत चुरून खायच्या.

आणि पाचवा तुमच्या घरचा स्वतःचा पदार्थ. इथे लातूर-धाराशिवकडची घरं आहेत, त्यांच्याकडे वेळ अमावस्येची भज्जी असते. खानदेशातली घरं आहेत, कोकणातलं एक आहे. तो पदार्थ ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून मापासकट लिहून घ्या. ते माणूस समोर आहे तोवर.

आता तरुण मंडळी म्हणतील, काकू, आमच्या घरी एकत्र जेवायला वेळच कुठे आहे? वाळूजला सेकंड शिफ्ट, मुलीचा क्लास, सूनबाईची ऑनलाईन मीटिंग. खरं आहे. माझ्या डब्यांचे पण तीन वेगळे वेळ असतात. त्यावर मी शिकले ते असं की पदार्थांत दोन जाती असतात, थांबणारे आणि न थांबणारे. वरण, आमटी, उसळ, भरली वांगी हे थांबणारे. रात्री साडेअकराला शिफ्टवरून येणाऱ्यासाठी गरम केले तरी चव जात नाही, वांगी तर मुरून आणखी चांगली लागतात. पिठलं, भाकरी, वरणफळं हे न थांबणारे. पिठलं घट्ट होतं, वरणफळं फुगून लगदा होतो. ज्या दिवशी माणसं वेगवेगळ्या वेळी येणार, त्या दिवशी थांबणारा पदार्थ करा. ज्या दिवशी सगळे घरात आहेत, त्या दिवशी न थांबणारा करा आणि सगळ्यांना एकदम बसवा. रोज एकत्र जेवा असा उपदेश मी करत नाही. आठवड्यातून दोन वेळा जमलं तरी पुष्कळ.

अजून एक. माझ्याकडे डबा मागणाऱ्या आया सांगतात, मुलं उसळ खात नाहीत, पनीर द्या. मी त्यांना म्हणते, मुलाला मटकी भिजवायला लावा. रात्री भिजवली, सकाळी फडक्यात बांधली, दुसऱ्या दिवशी मोड आले. आपण मोड आणलेली मटकी पोरगं कौतुकाने खातं, निदान चाखतं तरी. डाळ-उसळ आणि भाकरी एकत्र खाल्ली की एकात जे कमी ते दुसरं भरून काढतं, हे आज आहारतज्ज्ञ सांगतात. आपल्या आज्यांनी ते ताटात आधीच मांडून ठेवलं होतं.

तर माझी मागणी साधी आहे. बारा वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला, मुलगा असो की मुलगी, आजोबा असोत की साहेब, हे पाच पदार्थ आले पाहिजेत. आपण पोरांना पोहायला शिकवतो ते काय रोज विहिरीत पडतात म्हणून? वेळ आली तर बुडू नये म्हणून. हेही तसंच आहे. आणि मैत्रिणींनो, तुम्हाला पण सांगते. ओट्याची किल्ली सोडा. "राहू दे, तुला नाही जमायचं, मीच करते," हे वाक्य या वर्षात बंद करा. ते प्रेमाने म्हटलेलं असलं तरी त्याने समोरचा माणूस अडाणी राहतो.

येत्या रविवारी, ज्या घरात ज्याने आजवर गॅस पेटवला नसेल त्याने पिठलं करावं. गुठळ्या झाल्या तर होऊ द्या. जेवणाऱ्यांनी नावं ठेवायची नाहीत, आणि ओटा पुसायचं काम ज्याने पिठलं केलं त्याचंच! मोठी माणसं ओटा पुसायला विसरतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

फारच अडलं तर माझा फ्लॅट सगळ्यांना माहीत आहे. सकाळी दहा ते अकरा या वेळात या. वही घेऊन या.