सरकारी शाळेचा पैसा आणि आपण
(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



दरवर्षी राज्याचे अंदाजपत्रक विधिमंडळात मांडले जाते. दुसऱ्या दिवशी काय महागले आणि काय स्वस्त झाले एवढे वाचून आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. परंतु गावच्या शाळेला शिक्षक मिळणार की नाही, गळके छप्पर दुरुस्त होणार की नाही, याचा निकालही त्याच कागदांत दडलेला असतो. म्हणून हा रुक्ष विषय आज आपणापुढे मांडत आहे.

पहिला प्रश्न असा की, हा पैसा कोणाचा? एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील शेतकऱ्याकडून जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले मात्र निरक्षर राहतात, हे त्यांनी सरकारला सुनावले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली. आज लोकल फंड नाही. परंतु आपण साखर, साबण, चपला घेतो तेव्हा कर भरतोच. शहरांतील मालमत्ता करात शिक्षण कर वेगळा आकारला जातो. तेव्हा सरकारी शाळा ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा प्रश्न, पैसा कमी पडतो म्हणून शाळा मागे राहतात काय? गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. 1912 साली ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. पुढे 1917 साली कोल्हापूरसारख्या लहानशा संस्थानात शाहू महाराजांनी मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. साम्राज्याला जे जमले नाही ते एका संस्थानाने आरंभिले. म्हणजे प्रश्न तिजोरीचा असतो तितकाच इच्छेचाही असतो. कोठारी आयोगाने 1966 साली राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस केली. 1968, 1986 आणि 2020 या तिन्ही धोरणांनी तो आकडा पुन्हा लिहिला. तो अद्याप कागदावरच आहे. ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती आपण आपल्या लोकप्रतिनिधींना स्पष्टपणे विचारली पाहिजे.

आता आपल्या बाजूकडे पाहू. शिक्षणावरील सरकारी खर्चाचा मोठा भाग शिक्षकांच्या वेतनावर जातो. ती उधळपट्टी नव्हे. शिक्षकाशिवाय शाळा म्हणजे चार भिंती. परंतु शिक्षकांची पदे पटावर ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 मुलांपासून तीन. एका मुलाने एका शिक्षकाचा फरक पडतो! समग्र शिक्षा योजनेच्या 2018 च्या आराखड्यातही सरकारी शाळेचे वार्षिक अनुदान पटावरच बेतले आहे. शंभराहून अधिक ते अडीचशे मुलांच्या शाळेला 50 हजार, त्यापुढे हजार मुलांपर्यंत 75 हजार आणि हजारावर एक लाख रुपये. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी.

शिक्षक कमी म्हणून पालक मूल काढतात, आणि मूल गेले म्हणून उरलेला शिक्षकही जातो. हे दुष्टचक्र आहे. ऐपतवाले बाहेर पडतात. मागे राहतात ती मजुरांची, रिक्षावाल्यांची, मासळी विकणाऱ्या बायांची मुले. आपल्या समाजाची मुले मदरशांतच शिकतात, असा गैरसमज पुष्कळ ठिकाणी आहे. सच्चर समितीच्या 2006 सालच्या अहवालाने शाळेच्या वयाच्या शंभर मुस्लिम मुलांपैकी सुमारे तीनच मदरशांत जातात असे दाखविले. म्हणजे आपल्या बहुसंख्य मुलांचे भवितव्य साध्या शाळेवर अवलंबून आहे. ती खचली तर आपण खचलो.

मग करावयाचे काय? मी तीन गोष्टी सांगेन.

एक, मुलाचे नाव वेळेवर दाखल करा. शाळेच्या नोंदीतील आणि आधार कार्डावरील नाव व जन्मतारीख जुळवून घ्या. 'शेख' आणि 'शैख' एवढ्या फरकाने कागद अडतो. जे मूल कागदावर नाही त्याच्यासाठी पैसा येत नाही.

दोन, जिल्हा परिषद व नगरपालिका शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. समितीने शाळेचा विकास आराखडा करावयाचा आणि सरकारने त्याच्या आधारे अनुदानाचे नियोजन करावयाचे, असे कायदा सांगतो. (अल्पसंख्याक अनुदानित शाळांत 2012 च्या दुरुस्तीने ही समिती सल्ल्यापुरती आहे, तरी सल्ला देण्यास कोणी अडविलेले नाही.) पण सभेला येतो कोण? मुख्याध्यापक सही मागतात आणि आपण अंगठा टेकवून मोकळे होतो. माता-भगिनींना माझी विनंती आहे की, स्वच्छतागृहाला दार नाही आणि नळाला पाणी नाही हे आपणच आराखड्यात लिहून घ्यावे.

तीन, हिशोब विचारा. जमातीच्या सभेत आपण पै-पैचा हिशोब मागतो. छप्पराचे पत्रे किती आले, सुतार किती दिवस होता, हेसुद्धा विचारतो. मग शाळेच्या 50 हजारांचे काय झाले, हे का विचारू नये? भांडण्यासाठी नव्हे, मार्चअखेर निधी न वापरता परत जाऊ नये म्हणून. उत्तर मिळाले नाही तर 2005 चा माहितीचा अधिकार कायदा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर सामान्यतः तीस दिवसांत माहिती द्यावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, नागरिकशास्त्रात अंदाजपत्रकाची व्याख्या आपण पाठ करता. या सुट्टीत आपल्या शाळेचा पट, शिक्षकांची पदे आणि मिळालेले अनुदान एका कागदावर मांडा व घरी वाचून दाखवा. ज्या घरात कोणी शिकलेले नाही तेथे हा हिशोब प्रथम तुमच्याच तोंडून ऐकला जाईल.

सरकारने द्यावे हे खरेच. पण मागणारा जागा असेल तरच दिलेले मुलांपर्यंत पोहोचते. समितीच्या पुढल्या सभेला आपण यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.