टॅबमधली अडगळ

जुलै २०२५ मध्ये आपला लोहगड जागतिक वारसा यादीत गेला, आणि लोहगडवाडीतल्या आमच्या बचत गटाच्या टॅबमध्ये गडाचे व्हिडिओ मावेनासे झाले. पण पर्यटकांच्या जेवणाच्या ऑर्डरी आणि हप्त्यांचा हिशोबही त्यातच आहे. म्हणून घाईने काही पुसायचं नाही.

आधी सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून जागा कशाने अडलीय ते पाहू. बहुतेक वेळा व्हॉट्सॲपचे व्हिडिओच निघतात. हवे ते मेमरी कार्डावर हलवायचे, तिथे उघडून बघायचे, मगच बाकीचे पुसायचे. पुसलेले फोटो साधारण महिनाभर टॅबच्या कचरापेटीत पडून राहतात. तीही रिकामी करायची.

मग ॲपच्या नावाखाली दोन बटणं दिसतात. ‘क्लिअर कॅशे’ म्हणजे चुलीतली राख काढणं. तात्पुरत्या फायली जातात, नोंदी राहतात. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणजे चूलच मोडणं. फक्त टॅबमध्ये असलेल्या नोंदी कायमच्या जातात. हिशोबाच्या ॲपवर हे दुसरं बटण कुणीच दाबायचं नाही. आणि हप्ता भरला की वहीतही लिहायचा, कारण तो पैसा आपल्या सगळ्यांचा आहे.