एका यंत्राचे दोन कारभारी

घरात संगणक आणावयाचा ठरला की त्याची किंमत, त्याचा वेग आणि पडद्याचा आकार यांची पुष्कळ चर्चा होते. त्याचा कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार मात्र सहसा होत नाही. मराठीत हिला संचालन प्रणाली म्हणतात. कळ दाबताच पडद्यावर अक्षर उमटविणे, लिहिलेला मजकूर जागच्या जागी ठेवणे, एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांना स्मृतीचा वाटा नेमून देणे, हे सारे तीच करते. यंत्र विकत घेताना बहुधा ती आत बसविलेली असते, म्हणून ती यंत्राचाच अवयव वाटते. वस्तुतः ती वाड्यावर नेमलेल्या कारभाऱ्यासारखी आहे. वाडा तोच राहून कारभारी बदलता येतो, आणि प्रसंगी दोन कारभारीही ठेवता येतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबविला आणि हा प्रश्न अनेक घरांपुढे उभा राहिला. त्यानंतरची प्रणाली विंडोज ११. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रातच असावी लागते. जुन्या यंत्रांपैकी अनेकांत ती नाही. यंत्र धडधाकट, पण त्याचा कारभारी निवृत्त, अशी ही अवस्था होय.

लखनौला गोमतीपलीकडे इंदिरा नगर ही मोठी वसाहत आहे. नोकरीनिमित्त येऊन तेथेच स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. निवृत्त आजोबांनी वीस वर्षांत मराठीत लिहिलेली पत्रे, कुळाचा वृत्तान्त आणि आठवणी या एकाच जुन्या संगणकात आहेत. नातीला त्याच यंत्रावर प्रोग्रॅमिंग शिकावयाचे आहे. तिला लिनक्स हवे. आजोबांचा हात विंडोजवर बसलेला. दोघांचेही म्हणणे रास्त आहे.

लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली रचला. ही प्रणाली विनामूल्य मिळते, तिच्या काही हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही सुखाने चालतात, आणि प्रोग्रॅमिंगची साधने तिच्यात सहज उपलब्ध असतात. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने तिच्याच आधारे ‘बॉस’ ही प्रणाली सिद्ध केली. तथापि विंडोजसाठी लिहिलेले कित्येक कार्यक्रम लिनक्सवर जसेच्या तसे चालत नाहीत, हेही विसरता कामा नये.

खरी अडचण पुढेच आहे. आजोबांचा मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटात लिहिलेला आहे. अशा फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. लखनौच्या बाजारात हिंदी टंकलेखनासाठी परिचित असलेला कृतिदेव याच जातीचा. फाँट सोबत असेल तोवर मराठी दिसते. तो नसला की त्याच पानावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उभी राहते. युनिकोड या पद्धतीत मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक २३२५. तो विंडोजवरही तोच आणि लिनक्सवरही तोच. तेव्हा कारभारी बदलण्यापूर्वी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे, रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार नजरेखालून घालणे, आणि त्याची एक प्रत यंत्राबाहेर ठेवणे, हे पहिले कर्तव्य होय.

एवढे झाले की दोन्ही प्रणाली एकत्र नांदविण्याचे मार्ग मोकळे होतात. यूएसबी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येते. यंत्रातील काही पुसावे लागत नाही. ते पसंत पडल्यास डिस्कचे भाग पाडून दोन्ही प्रणाली शेजारी बसवाव्यात; यंत्र सुरू होताना कोणती हवी ते विचारले जाते. एका प्रणालीच्या पोटात दुसरी चालविण्याचाही मार्ग आहे; परंतु त्याला स्मृती भरपूर लागते आणि जुने यंत्र थकते. दोन कारभाऱ्यांच्या सवयी भिन्न असतात. विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, लिनक्स सहसा जागतिक वेळेवर. त्यामुळे आपल्याकडे कधी कधी साडेपाच तासांचा फरक दिसतो. एका सूचनेने तो दूर होतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची पुनर्प्राप्तीची किल्ली आधी लिहून ठेवावी. आधार संपलेल्या विंडोजवर इंटरनेटचे व्यवहार, विशेषतः बँकेचे, करू नयेत. ते लिनक्समधून करावेत.

कोणती प्रणाली श्रेष्ठ, हा वाद घराला फारसा उपयोगी नाही. कोणाला काय करावयाचे आहे आणि जपावयाचे काय आहे, हे आधी ठरवावे. आजोबांच्या आठवणी एकदा फाँटाच्या बंधनातून सुटल्या, की त्या नातीच्या लिनक्सवरही तितक्याच स्वच्छ वाचता येतील, आणि पुढे ते यंत्र मोडीत गेले तरी घरात राहतील.