निळ्या अक्षरांमागचा पत्ता

रावेरहून केळीचा ट्रक दिल्लीकडे निघतो. ट्रकवर काहीही रंगवलेले असो, माल उतरतो तो बिल्टीवर लिहिलेल्या गावीच. ई-मेलमधल्या लिंकचेही तसेच आहे. दिसतात ती निळी, अधोरेखित अक्षरे. खरा पत्ता त्यांच्या आड असतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत कागदपत्रे अशी एकमेकांना जोडण्याची योजना मांडली, त्यातूनच वेब उभे राहिले.

लिंक घालणे सोपे आहे. समजा, बागेचे फोटो आपण इंटरनेटवर ठेवले आणि ते व्यापाऱ्याला दाखवायचे आहेत. पत्रात ‘बागेचे फोटो’ असे लिहा, ते शब्द निवडा, संगणकावर ‘कंट्रोल’ आणि ‘के’ ही बटणे एकदम दाबा आणि उघडलेल्या चौकटीत पत्ता चिकटवा. नुसता पत्ता लिहिला तरी तो बहुधा आपोआप निळा होतो. मात्र मध्ये मोकळी जागा पडली, तर तिथेच तुटतो. म्हणून पत्र आधी स्वतःलाच पाठवून पाहावे.

हीच सोय ठकांनाही आहे. वर पीकविम्याचे किंवा बँकेचे नाव, आत भलताच पत्ता! यासाठी दाबण्यापूर्वी माऊसचा बाण अक्षरांवर नुसता टेकवा. खरा पत्ता दिसतो. पंतप्रधान पीकविमा योजनेच्या सरकारी संकेतस्थळाचे नाव ‘जीओव्ही डॉट इन’ असे संपते. शेपूट वेगळे दिसले, तर हात आवरा. आणि फसगत होऊन पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० हा क्रमांक फिरवा.