लिंबाच्या पाचोळ्यातले बारा गुंठे



फाल्गुनात आमच्या देगलूरला लिंबाचा पाला असा झडतो, की सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा पिवळं. मग ढीग करायचा आणि काडी लावायची. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले आणि सहकाऱ्यांनी हाच पाचोळा दळून, हवा लागू न देता भट्टीत तापवला. उघड्यावर जाळला तर राख उरते, हवेवाचून तापवला तर कोळसा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात या कोळशाच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ सुमारे 1230 चौरस मीटर दिलं आहे. आपल्या हिशेबानं बारा गुंठे! चिमूटभर भुकटीत एवढी जागा कुठली? ती अतिसूक्ष्म छिद्रांच्या भिंतींची. सुपरकपॅसिटरमध्ये द्रवातले विद्युतभारित कण या भिंतींना येऊन चिकटतात आणि गरज पडली की सुटतात. म्हणून तो काही सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा वापरला तरी फारसा थकत नाही.

पण कोळशाला पाण्याची ओढ कमी. त्याच्या जाळीत मधूनमधून नायट्रोजनचा अणू बसवला, तर द्रव छिद्रांत सहज शिरतो आणि भारही जास्त साठतो. पानांच्या प्रथिनांत नायट्रोजन असतोच. कमी पडला तर प्रयोगशाळेत युरिया घालतात. हो, आपण कापसाला टाकतो तोच. मात्र भट्टी फार तापली की नायट्रोजन उडून जातो, आणि कमी तापली तर कोळशातून वीज नीट वाहत नाही.

हे वर्गात सांगितलं तेव्हा आमच्याकडे शेताला आठवड्याआड रात्रीची वीज यायची. एका मुलीनं विचारलं, "सर, मग बाबाला रातच्याला पाणी द्यायला जावं नाही लागणार?"

नाही गं बाई. पाच अश्वशक्तीची मोटार तासभर चालवायला पावणेचार हजार वॅट-तास लागतात. बाजारातला सुपरकपॅसिटर किलोमागे पाच ते दहा वॅट-तास साठवतो. म्हणजे तासाभराला किमान पावणेचार क्विंटलचं धूड! मोटार सुरू होतानाचा क्षणभराचा झटका सोसणं किंवा बसच्या ब्रेकमध्ये वाया जाणारी शक्ती धरून ठेवणं, ही त्याची कामं. रात्रभराची साठवण बॅटरीनंच करावी.

तिनं हिशेब वहीत मांडून पाहिला. मग म्हणाली, "सर, त्याच्यापरीस दिवसाच लाईट दिली तर?"